अनोळखी माणसांच्या शहरात

गाव सोडून शहरात गेलेल्या माणसाविषयी मराठीत बहुतेक हळहळीच्या सुरात लिहिले जाते. अंगण गेले, विहीर गेली, सणासुदीचे चार दिवस सोडले तर आपली माणसे भेटेनाशी झाली. ही हळहळ खरी आहे. पण शहराने काय दिले, हा दुसरा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. बिऱ्हाड हलवणारे लोक अविचारी नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातले ४५ टक्क्यांहून अधिक लोक शहरांत राहत होते, आणि यांतल्या असंख्य घरांत गाव सोडून आलेला आजोबा, बाप किंवा मुलगी आहे. ती माणसे काही मिळवायला निघाली होती, आणि पुष्कळांना ते मिळालेही.

या लेखात मुख्यतः बीड, लातूर, नांदेड, जळगाव, अकोला अशा भागांतून पुण्यात येणाऱ्यांचा विचार केला आहे. अधूनमधून मुंबईचा इतिहासही येईल, कारण शहरात पाय रोवण्याच्या बहुतेक वाटा आधी तिथेच पडल्या. माझे म्हणणे थोडक्यात असे: पगार, शिक्षण, मोकळीक हे नव्या शहराचे सगळे फायदे शेवटी एकाच गोष्टीतून निघतात. आपल्याला न ओळखणारी माणसे तिथे मोठ्या संख्येने असतात. घरून निघताना ज्याची सर्वांत जास्त धास्ती वाटते, तेच शहराचे खरे भांडवल आहे.

शेजारच्या मशीनवरचा माणूस

शहरात पगार जास्त का मिळतो, याचे एक उत्तर अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच दिले होते. एकाच धंद्यातले कारखाने जवळजवळ आले की कुशल कामगारांना अनेक मालक मिळतात, मालकांना कामगार मिळतात, सुटे भाग पुरवणारे आसपास गोळा होतात आणि कामातल्या खुब्या एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप जातात.

पिंपरी-चिंचवडमध्ये हे नजरेसमोर घडले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भूखंड, पाणी, रस्ते यांची सोय होऊ लागली. मग मोटारी आणि स्कूटर बनवणारे मोठे कारखाने आले, त्यांच्या मागोमाग त्यांना गियर, शाफ्ट, ब्रॅकेट करून देणारी शेकडो वर्कशॉप भोसरीत उभी राहिली.

भोसरीतल्या अशा एखाद्या शॉपमध्ये आयटीआय करून आलेला मुलगा आधी सीएनसी मशीनवर ऑपरेटर म्हणून लागतो. जॉब चकमध्ये पकडायचा, दार लावायचे, बटण दाबायचे, जॉब निघाला की व्हर्नियरने माप घ्यायचे, एवढेच त्याचे काम. टूल बदलणे, ऑफसेट देणे, नव्या जॉबसाठी मशीन लावून देणे हे सेटरचे काम. सेटरचा पगार ऑपरेटरपेक्षा बराच जास्त असतो, आणि सेटिंग शिकवणारा तास कोणत्याच पाळीत ठरवलेला नसतो. मुलगा ते सेटरच्या शेजारी उभा राहून शिकतो. इन्सर्ट तुटला की सेटर काय बघतो, पहिल्या जॉबला कट किती कमी घेतो, माप दहा मायक्रॉनने सरकले तर कुठला आकडा बदलतो, हे सगळे रात्रपाळीच्या चहाच्या वेळात विचारून घ्यायचे असते. वर्ष-दोन वर्षांत हात बसला की तो दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या शॉपमध्ये सेटर म्हणून जातो. त्याच्या तालुक्याच्या गावी असे एकच वर्कशॉप असते तर सेटिंग शिकूनही तो जाणार कुठे?

स्पेनमधल्या कामगारांच्या नोंदी वर्षानुवर्षे तपासून हॉर्हे दे ला रोका आणि दिएगो पुगा या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये हेच आकड्यांनी दाखवले. माद्रिद किंवा बार्सिलोनासारख्या मोठ्या शहरात गेल्यावर लगेच होणारी पगारवाढ हा फायद्याचा एक भाग. दुसरा भाग वर्षे जातील तसा वाढत जातो, कारण मोठ्या शहरातला अनुभव जास्त मोलाचा ठरतो. आणि माणूस ते शहर सोडून लहान गावी गेला तरी त्या अनुभवाची किंमत त्याच्याबरोबर जाते. म्हणून पहिल्या वर्षीच्या पगारातून भाडे आणि मेस वजा करून ‘हातात काही राहत नाही’ असे म्हणत परत फिरणे हा मला घाईचा हिशेब वाटतो. पहिले वर्ष बहुधा तोट्याचे किंवा जेमतेम भागण्याचेच असते.

ओळखीची माणसे आणि जुजबी ओळखी

नव्या शहरात आपले कोणीच नाही, ही तक्रार नोकरीच्या बाबतीत वाटते तितकी खरी नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले होते की ज्या माणसाकडून ही खबर मिळाली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले फक्त १६.७ टक्के निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण सरळ आहे. जवळच्या मित्राला जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातला माणूस आणतो.

शहरात अशी वर्तुळे रोज एकमेकांना घासून जातात. मेसमध्ये समोरच्या ताटावर बसलेला, लोकलचा रोजचा सहप्रवासी, अभ्यासिकेत मागच्या रांगेतला. गावात सगळी माणसे एकाच वर्तुळातली असतात आणि त्यांतली निम्मी नात्यातली.

याची उलट बाजू मुंबईतल्या दादर भागात दिसली. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या हजारो मराठी कुटुंबांतल्या मुलामुलींच्या शाळांचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणी, गोदी, कारखाना अशा कामांत जातभाईंच्या आणि गावकीच्या ओळखीने मुलगे चिकटत आले होते. नव्वदच्या दशकात इंग्रजीची किंमत झपाट्याने वाढली तरी या कष्टकरी जातींतल्या मुलग्यांना मराठी माध्यमातच घातले जात राहिले, कारण त्यांची वाट ठरलेली होती. मुलींसाठी अशी साखळी कधी नव्हतीच. त्यामुळे त्यांना इंग्रजी माध्यमात घालायला आईबाप लवकर तयार झाले आणि नव्या नोकऱ्यांच्या दिशेने मुली भावांच्या पुढे निघाल्या.

या अभ्यासातून मी एक गोष्ट घेतो. गावच्या ओळखीने शहरात शिरावे, त्यात कमीपणा नाही. मात्र त्या ओळखीने दिलेल्या पहिल्या कामाला आयुष्यभराचे काम समजू नये. पुण्यात दहा वर्षे काढूनही ज्यांची ऊठबस फक्त आपल्या तालुक्याच्या मुलांत असते, त्यांनी शहराचे भाडे भरले आणि शहर मात्र घेतले नाही, असे मला वाटते.

आडनावाचे ओझे

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवाला कडक विरोध केला. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर म्हणून त्यांनी खेड्याकडे पाहिले. त्यामागे त्यांचा स्वतःचा प्रवास होता. सातारा सोडून त्यांचे कुटुंब मुंबईत आले. एल्फिन्स्टन हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज आणि परळची चाळ यांतून त्यांचे शिक्षण झाले. मुंबईतही जात सुटली नाही, अपमान झाले. तरी वाचनालय, शिक्षक, शिष्यवृत्तीची वाट आणि पुढे चळवळीसाठी सभागृह, छापखाना, संघटित कामगार हे सारे त्यांना शहरातच मिळू शकले.

गावात पाणवठा, वस्ती, अंत्ययात्रेची वाट, सगळे आडनावावर ठरायचे. शहरात रस्त्यावरच्या माणसाला तुमचे आडनाव ठाऊक नसते. हॉटेलात कप कोणाचा हे कोणी विचारत नाही. ज्याला ही मुभा जन्मापासून मिळाली त्याला तिची किंमत चटकन कळत नाही. ज्याच्या आज्याने चावडीबाहेर उभे राहून निरोप दिला त्याला कळते. अर्थात घर भाड्याने घेताना हेच शहर आडनाव, धर्म आणि खाणेपिणे विचारते, आणि ‘जागा गेली’ असे सांगून फोन ठेवला जातो. हा अन्याय आजही चालू आहे. तो मान्य करूनही मी म्हणेन की गावात नकार एकच आणि कायमचा असतो, शहरात पुढचे दार ठोठावता येते.

मुलींसाठी

भारतातल्या स्थलांतराचा सर्वांत मोठा भाग पोटापाण्यासाठीचा नाहीच. २०११ च्या जनगणनेत मूळ ठिकाण सोडलेले ४५ कोटींहून अधिक लोक मोजले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांचे मुख्य कारण लग्न. सासर म्हणजे प्रत्येक मुलीच्या वाट्याला आलेले नवे गाव, तिने न निवडलेले. नायगावात १८३१ मध्ये जन्मलेल्या सावित्रीबाई १८४० मध्ये लग्न होऊन पुण्यात आल्या, आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. जोतीराव भेटले हा योग मोठाच. पण शाळा, मिशनरी बायकांचे प्रशिक्षण, साथ देणाऱ्या फातिमा शेख आणि विरोध असूनही शाळेत येणाऱ्या मुली, हे सगळे पुण्यासारख्या शहरातच एकत्र येऊ शकत होते.

आजची मुलगी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी स्वतः ठरवून येते, हा फरक फार मोठा आहे. पीएमपीच्या बसमध्ये एकटीने बसणे, आठ वाजता क्लास सुटल्यावर चहाच्या टपरीवर उभे राहणे, स्वतःच्या नावाचे बँक खाते स्वतः चालवणे, यांत तिकडच्या तालुक्याला बातमी ठरावी असे बरेच असते. इथे कोणी मान वळवून बघत नाही. ‘अमक्याची पोरगी अमक्या ठिकाणी दिसली’ ही यंत्रणा शहरात मोडून पडते. पुण्यात मुलगी सुरक्षित आहे की नाही, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो विचारायलाच हवा. वसतिगृहाची वेळ, रात्री घरी पोचायची सोय, मैत्रिणीचा नंबर, हे बघूनच पाठवावे. पण ‘मुलगी तिथे काय करते हे आम्हाला कसे कळणार’ ही काळजी वेगळी असते. बरीच मोकळीक याच काळजीपायी अडवली जाते, आणि ती सुरक्षेच्या नावाखाली अडवली जाऊ नये असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

आधी पाठ टेकायला जागा

शहराचे दार उघडते ते एक खाट आणि दोन वेळच्या ताटाने. ही सोय नसेल तर वरचे सगळे फायदे पुस्तकातच राहतात. महाराष्ट्राने हे फार लवकर ओळखले, आणि या विषयात आपल्याकडे जे घडले त्याचा मला अभिमान वाटतो.

पुण्यात जुन्या काळी गरीब ब्राह्मण मुले वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ती सोय जातीबाहेर जात नव्हती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम, शिंपी, अस्पृश्य मानलेल्या जाती अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहत गेली. शिक्षण फुकट केले तरी खेड्यातला मुलगा रात्री झोपणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न राजाने आपला मानला. पुढची पायरी कर्मवीर भाऊराव पाटलांनी गाठली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह चालू केले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९५५ मध्ये पुण्यात सुरू झालेली विद्यार्थी सहाय्यक समिती आजही ग्रामीण भागातल्या मुलामुलींना अल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय देते, आणि बदल्यात त्यांना वसतिगृहातली कामे करायला लावते. प्रवेश घेताना अशा संस्थांचे अर्ज कधी सुटतात याची चौकशी फार थोडे पालक करतात. निकालानंतर धावाधाव करण्यापेक्षा ती आधीच करावी.

मुंबईत हीच सोय कष्टकऱ्यांनी स्वतः केली. कोकणातल्या गावांच्या मंडळांनी गिरणगावात खोल्या घेतल्या. गावातून आलेला कोणीही तिथे ट्रंक ठेवायचा आणि पाळीप्रमाणे झोपायचा. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी आडवा व्हायचा. गोव्यातल्या ख्रिस्ती गावकऱ्यांनी धोबी तलाव आणि माझगाव भागांत ‘कूड’ काढले. एकेका गावाचा एकेक कूड, प्रत्येकाची पेटी भिंतीशी, भाडे नाममात्र, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरीची प्रार्थना. बोटीवर नोकरी लागेपर्यंत खलाशी तिथे राहायचे. धोबी तलावच्या जेर महालात असे कूड एकत्र नांदत आले आहेत.

जेवणाची सोय खानावळवाल्या बायकांनी केली. गिरणी कामगारांना त्या उधारीवर जेवू घालत, पगार झाला की पैसे मिळत. तोवर किराणा भरायला सावकाराकडून जबर व्याजाने कर्ज काढावे लागे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची दारे उघडून दिली. मुंबईत येणाऱ्या तरुणाला दिलासा देणारी यंत्रणा ज्यांच्या हातांवर चालत होती, त्यांना मंडळामुळे स्वतःच्या नावाने कर्ज मिळू लागले.

आजच्या पुण्यातही हीच रचना दुसऱ्या रूपात दिसते. नारायण पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोडच्या आसपास स्पर्धा परीक्षेची मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात: एका खोलीत चार-पाच खाटा, खाली बॅग, भिंतीला दोरी. दुपारी मेस. महिन्याचे पैसे आधी भरायचे, गावी गेलात तर आधी सांगितले तरच खाडे धरले जातात, आणि रविवारी दुपारी गोड केले की रात्री बंद. नवा मुलगा आला की जुना त्याला पहिली गोष्ट सांगतो ती खाड्यांची. मग अभ्यासिका. प्लायवूडने अडवलेली हातभर रुंद जागा, समोर चिकटवलेले वेळापत्रक आणि नकाशा, डोक्यावर ट्यूबलाइट, एक प्लग, खुर्चीवर घरून आणलेली उशी. रात्री अकरालाही जागा भरलेल्या असतात. तहसीलदाराच्या परीक्षेत पास होणारे थोडे, हे सगळ्यांना माहीत आहे आणि यावर वेगळे, कठोर लिहायला हवे. तरी या हातभर जागेतून बाहेर पडणारा मुलगा बँकेत, विम्यात, कारकुनीत, क्लास घेण्यात कुठेतरी लागतो, कारण शेजारच्या खुर्चीवरच्याने त्याला दुसऱ्या भरतीची जाहिरात दाखवलेली असते.

मुलांना घेऊन जायचे असेल तर वय बघा

अख्खे कुटुंब हलवायचे असेल तेव्हा मुलांचे वय महत्त्वाचे. अमेरिकेत १९९४ पासून काही वर्षे बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत गरीब वस्तीतल्या कुटुंबांना सोडतीने चांगल्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली होती. पुढे राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी त्या मुलांचे मोठेपणीचे उत्पन्न तपासले. तेराव्या वर्षाआधी हललेल्या मुलांचे उत्पन्न विशीच्या मध्यात न हललेल्यांपेक्षा सुमारे ३१ टक्के अधिक निघाले. तेरानंतर हललेल्यांना फायदा झाला नाही, उलट थोडे नुकसान दिसले.

आपली परिस्थिती वेगळी आहे, आणि तिकडे प्रश्न शहर बदलण्याचा नसून वस्ती बदलण्याचा होता. तरी नववी-दहावीत मुलाची शाळा, मित्र आणि माध्यम एकदम बदलू नये, आणि बदली घेता येत असेल तर ती तो चौथी-पाचवीत असताना घ्यावी, एवढे शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

पहिला खर्च कोणी करायचा

फायदा एवढा आहे तर माणसे निघत का नाहीत? बांगलादेशातल्या रंगपूर भागात भाताच्या कापणीआधी ‘मंगा’ नावाचा उपासमारीचा काळ येत असे. २००८ मध्ये तिथल्या काही कुटुंबांना शहरात कामाला जाण्यासाठी बसभाड्याएवढे, साडेआठ डॉलर इतके पैसे दिले गेले. ज्यांना पैसे मिळाले त्यांच्यात शंभरामागे २२ घरे जास्त बाहेर पडली, त्यांच्या घरचा खाण्यापिण्याचा खर्च सुमारे एक तृतीयांशाने वाढला, आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही त्यांतली बरीच पुन्हा गेली. अडथळा आळसाचा नव्हता. कडेलोटावर असलेल्या घराला एक फसलेला प्रवासही परवडत नाही, म्हणून ते जागचे हलत नाही.

ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी बाहेर पडत आहे, त्याला चार पैसे आणि ‘नाही जमले तर परत ये’ हे वाक्य दोन्ही लागतात. खोलीची अनामत, मेसचे आगाऊ पैसे आणि पगार सुरू होईपर्यंतचा दोन-तीन महिन्यांचा खर्च एवढे जवळ असावे. काका, मामा, शिक्षक यांनी मुलाला लग्नाच्या आहेरापेक्षा ही मदत करावी असे मला मनापासून वाटते.

गावाकडे काय जाते

शहरात गेलेला माणूस गावाला मुकला, असे धरून चालणे चुकीचे आहे. कोकणातली घरे कित्येक दशके मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. गिरणीतला पगार शाळेच्या इमारतीत, देवळाच्या सभामंडपात, बहिणीच्या लग्नात उतरला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ती मनीऑर्डर आटली तेव्हा मुंबईइतकीच झळ राजापूर, चिपळूण, संगमेश्वरच्या वाड्यांना बसली. यावरून शहर आणि गाव एकमेकांत किती गुंतलेले होते ते कळते, आणि एकाच धंद्यावर सगळे घर टांगून ठेवण्याचा धोकाही.

आता पैशाबरोबर कसब परतते. पुण्यात ठिबक सिंचनाच्या कंपनीत काम करून आलेला मुलगा गावात तेच बसवून देतो. मोठ्या रुग्णालयात अनुभव घेतलेली परिचारिका तालुक्याच्या दवाखान्यात येते तेव्हा तिथली अतिदक्षतेची खोली नीट चालू लागते. परत येणे म्हणजे हरणे, हा समज पालकांनी मनातून काढून टाकला तर मुलांच्या कितीतरी रात्री सुखाच्या जातील.

कागद नव्या पत्त्यावर आणा

२०२० च्या टाळेबंदीत लाखो माणसे पायी गावाकडे निघाली. ती ज्या शहरात राबत होती तिथे त्यांचे रेशन नव्हते, लेखी भाडेकरार नव्हता, मतदार यादीत नाव नव्हते. शहराचे फायदे टिकवायचे असतील तर ही तीन कामे पहिल्या काही महिन्यांत उरकावीत.

रेशन: ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजना आता देशभर लागू आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालचे कार्ड आधारला जोडलेले असेल तर कोणत्याही गावच्या रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. कार्ड गावीच ठेवून कुटुंबातल्या एकाने वाटा शहरात आणि बाकीच्यांनी गावी उचलला तरी चालतो.

भाडेकरार: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक टाळाटाळ करत असेल तर हे कलम त्याला नम्रपणे दाखवावे. नोंदवलेला करार पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेत, गॅसला, पारपत्राला उपयोगी पडतो, म्हणजे त्यात भाडेकरूचाच जास्त फायदा आहे.

मत: पत्ता बदलला की मतदार नोंदणीचा नमुना ८ भरायचा. तो ऑनलाइन भरता येतो आणि नव्या प्रभागात नाव गेल्यावर जुन्या ठिकाणचे वगळले जाते. ज्या वस्तीत भाड्याने राहणाऱ्यांची मतेच नसतात, तिथल्या पाण्याच्या वेळेविषयी आणि बंद दिव्यांविषयी नगरसेवकाला विचारायला कोणी उरत नाही. विद्यार्थी, मेसवाल्या बाई, कॉट बेसिसवर राहणारा कामगार, सगळ्यांनी हा अर्ज भरावा.